कोकण रेल्वेची कटिंगे, दरडी आणि पावसाळी वेळापत्रक : पार्श्वभूमी

कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाची मुदत २०२५ मध्ये कमी करण्यात आली. एरवी १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत चालणारे हे वेळापत्रक त्या वर्षी १५ जून ते २० ऑक्टोबर एवढेच ठेवले गेले. मुळात गाड्या पावसात हळू का चालवाव्या लागतात, याचे उत्तर मात्र या मार्गाच्या आखणीत शोधावे लागते, आणि त्याची चर्चा क्वचितच होते.

सह्याद्रीत लोहमार्ग नेणे नवे नव्हते. बोरघाटातून गाडी १८६३ मध्येच वर चढली होती. तिथे तीव्र चढ आणि वळणे पत्करली गेली. १९९० मध्ये काम सुरू झालेल्या कोकण मार्गासाठी नेमका उलटा निर्णय झाला. गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने धावू शकावी यासाठी चढ दीडशेला एक (दीडशे मीटर अंतरात एक मीटर उंची) यापेक्षा तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नको, असे ठरले. जिथे डोंगराच्या सोंडा एकामागून एक समुद्राकडे उतरत येतात, तिथे अशा मार्गाला वळसा घालता येत नाही. डोंगर फोडावाच लागतो. म्हणूनच २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण झालेल्या या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि जिथे बोगदा नाही तिथे खोल कटिंगे, म्हणजे डोंगर वरून खाली कापून काढलेल्या उघड्या वाटा आहेत.

या निर्णयाचे समर्थन आजही होते आणि ते निराधार नाही. सौम्य चढामुळे इंजिनाची शक्ती वाचते आणि मुंबई ते मंगळूर हे अंतर पूर्वीच्या फेऱ्यापेक्षा पुष्कळ कमी झाले. पण कटिंगच्या बाजू मंद उताराच्या ठेवायच्या तर माथ्यावर अधिक जमीन घ्यावी लागते, आणि आंबा-काजूच्या पट्ट्यात तसे करणे महाग पडते. उभ्या कापलेल्या बाजू बांधणीच्या वेळी स्वस्त पडल्या, तरी त्यांचा हिशेब दर पावसाळ्यात चुकता करावा लागतो. गोव्यातल्या आखणीवरून नव्वदच्या दशकात मोठे आंदोलन झाले, चौकशीही झाली, पण तो वाद मुख्यतः वस्त्या आणि खाजण (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) जमिनी यांभोवती फिरला.

कोकणातील डोंगराचा दोष त्याच्या थरांत आहे. वरचा जांभा सच्छिद्र असल्याने पाणी सहज आत शिरते. खालची चिकण माती ते पुढे जाऊ देत नाही. साठलेल्या पाण्याचा दाब वाढला की मातीच्या कणांची परस्परांवरची पकड सुटते आणि अख्खा भाग घसरतो. बेसाल्टच्या पट्ट्यात प्रकार वेगळा असतो. झिजलेल्या खडकाच्या मातीत न झिजलेले मोठे गोटे अडकून राहतात, आणि भोवतालची माती वाहून गेली की ते एकेक करून सुटतात. रुळांसाठी हा दुसरा प्रकार अधिक घातक ठरला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी रुळांवर आलेल्या दरडीमुळे घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. वर्ष पुरे होण्याआधीच, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळून पुलावरून खाली गेली.

त्यानंतर उपायांना जोर आला. काही कटिंगांचे उतार मंद करून त्यांना टप्पे पाडण्यात आले, सैल खडकांवर पोलादी जाळ्या बसल्या, खडकात बोल्ट ठोकून वर शॉटक्रिट (दाबाने फवारलेले काँक्रीट) मारण्यात आले आणि पायथ्याशी गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या) भिंती उभ्या राहिल्या. सर्वांत कमी बोलले जाणारे काम माथ्यावरच्या चरांचे आहे. डोंगरावरचे पाणी कटिंगमध्ये उतरण्याआधीच हे चर ते बाजूला काढतात, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांतला गाळ उपसला नाही तर खालची महागडी भिंत फारशी उपयोगी पडत नाही. जोडीला चोवीस तास गस्त आणि पर्जन्यमापक आले, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याचा नियमही आला. १६० च्या वेगासाठी आखलेल्या मार्गाची ही अवस्था आहे.

दरडींचे प्रमाण घटल्याचा प्रशासनाचा दावा या कामांवर उभा आहे आणि त्यात तथ्यही आहे. तरीही १४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ दिवाणखवटी भागात बोगद्याच्या तोंडाशी माती घसरून वाहतूक जवळपास दिवसभर ठप्प झाली. शेजारच्या मुंबई-गोवा महामार्गाने तर जुनीच चूक पुन्हा केली. चौपदरीकरणासाठी परशुराम घाट उभा कापला गेला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात रोज काही तास वाहतूक बंद ठेवून तिथे काम उरकावे लागले.

माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या गावांवर दरड कोसळल्याच्या दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, म्हणजे डोंगर आठवडेच्या आठवडे भिजल्यानंतरच्या. रेल्वेचे दोन्ही मोठे अपघात मात्र जूनमधले आहेत. उन्हाळ्यात भेगाळलेल्या कटिंगमधले गोटे पहिल्या जोरदार सरींतच सुटू शकतात, त्यासाठी संपूर्ण उतार पाण्याने भरण्याची गरज नसते. या दृष्टीने पाहता वेळापत्रकाच्या शेवटचे अकरा दिवस कमी करणे समजू शकते, सुरुवातीचे पाच दिवस कमी करणे तितकेसे पटत नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला होता आणि पावसाळी वेळापत्रक त्यानंतर तीन आठवड्यांनी लागू झाले.