दोन फुटांच्या टाकीत कोण कोणाबरोबर राहील?

मे महिन्यात मुंबईच्या घरात नुसता पंखा चालू असेल, तर माशांच्या टाकीचं पाणी सहज ३० अंश सेल्सिअसवर जातं. या तापमानाला एका लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. २० अंशांना नऊ मिलिग्रॅम विरघळतो. शिवाय पाणी तापलं की माशाला ऑक्सिजन लागतोही जास्त. क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत कोणता मासा घालून आणायचा, याचा विचार मी इथून सुरू करते.

पहिला हात बहुतेकांचा गोल्डफिशवर जातो. चीनमध्ये शेकडो वर्षं पाळला गेलेला हा कार्प कुळातला मासा थंड पाण्याचा आहे; विशीच्या आसपासचं तापमान त्याला मानवतं. आपल्याकडच्या उकाड्यात तो लगेच मरत नाही, म्हणूनच त्याचे हाल कोणाच्या लक्षात येत नाहीत. तो खातो खूप, तेवढीच घाण करतो, वीतभर वाढतो आणि तोंडात मावणारा गप्पी गिळून टाकतो.

तापमानानंतर पाण्याची जात. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला. मॉलीला मात्र क्षारांचं, जड पाणी लागतं. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांतून येतं, त्यामुळे ते बरंचसं मऊ असतं. इमारतीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर हा हिशेब बदलतो. तेव्हा एकदा पाणी तपासायचं किट आणून तपासाच. दुकानातले बरेच मासे पैदास केंद्रांत वाढलेले असतात, ते थोडंफार जुळवून घेतात. पण मॉली आणि निऑन एकाच पाण्यात ठेवले, तर दोघांपैकी एकाला कायम त्रास होणार.

स्वभावाची गोष्ट मी नुकसान सोसून शिकले. एंजल माशाच्या टाकीत मी तीन टायगर बार्ब सोडले होते. आठवड्याभरात एंजलच्या पोटाखालचे लांब, दोऱ्यासारखे पर कुरतडून गेले. सुमात्रातला हा बार्ब थव्यात राहणारा. आठ-दहा जण असले की त्यांची ढकलाढकली, मानपान आपसातच चालतं. दोन-तीनच असले की ते शेजाऱ्याच्या मागे लागतात. चूक माशांची नव्हती, माझ्या आकड्याची होती. एंजल तरी कुठे साधा? दुकानात तो रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो, मोठा झाला की त्याच टाकीतले निऑन खातो. फायटर माशाचे दोन नर तर एकत्र ठेवायचेच नाहीत, ते एकमेकांशी भांडतात.

‘टाकी साफ करतो’ म्हणून विकला जाणारा सकर घेऊच नका. बोटाएवढा आणलेला तो पुढे फूटभराच्याही वर जातो आणि मग लोक त्याला तलावात सोडतात. भारतातल्या अनेक पाणथळ जागांत तो असाच पसरला आहे आणि तिथल्या मूळ माशांच्या मुळावर आला आहे. पवईला नेऊन सोडणं ही त्याच्यावर दया नव्हे.

मग ठेवायचं काय? दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं. त्यात मी आठ हार्लेक्विन रासबोरा, पाच कुली लोच आणि हनी गोरामीची एक जोडी ठेवीन. तिघांनाही मऊ, कोमट पाणी चालतं. रासबोरा मधल्या थरात थव्याने फिरतात, लोच तळाच्या बारीक वाळूत शिरून बसतात, गोरामी वरच्या बाजूला झाडांच्या आडोशाला राहते. गोरामीला कल्ल्यांखेरीज एक खास श्वसनेंद्रियही असतं. पृष्ठभागावर येऊन ती थेट हवा घेते, त्यामुळे मेमधलं पाणी तिला झेपतं.

पण सगळे एकाच दिवशी आणू नका. मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता, चिमूटभर खाद्य टाकत फिल्टर चालू ठेवायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारे थेंबही आधी घालायचे, नाहीतर हेच जिवाणू मरतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की आधी रासबोरा, पंधरा दिवसांनी लोच आणि शेवटी गोरामी. ती आपली हद्द आखणारी आहे. आधी आली तर अख्खी टाकी तिची होते.