वलयातला कार्बन आणि कुऱ्हाडीचं वर्ष

जुन्या लाकडाचं वय काढायचं, म्हणजे नेमकं कशाचं? झाड रुजलं तेव्हापासूनचं, तोडलं तेव्हापासूनचं, की त्याची तुळई घरात बसली तेव्हापासूनचं? कार्बन-१४ पद्धत यांपैकी कशाचंही थेट उत्तर देत नाही. तपासायला घेतलेलं वलय, म्हणजे खोडात दरवर्षी चढणारा लाकडाचा थर, कधी वाढलं, एवढंच ती सांगते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे कितीतरी वास्तू आहेत त्यापेक्षा जुन्या ठरू शकतात.

वैश्विक किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन मोकळे होतात. ते नायट्रोजनच्या अणूंवर आदळले की कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी, आपोआप घटत जाणारा प्रकार तयार होतो. त्याचं प्रमाण अगदी नगण्य, सुमारे एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. कार्बन डायऑक्साइडमधून तो पानांत शिरतो आणि त्या वर्षीच्या वलयात अडकतो. वलय पुरं झालं की त्यातल्या सेल्युलोजची, म्हणजे लाकडाच्या मुख्य घटकाची, हवेशी देवाणघेवाण थांबते. झाड पुढे शेकडो वर्षं जगेल, पण त्या वलयातला कार्बन-१४ तेव्हापासून घटतच राहतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो, आणि सुमारे ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं फारसं काही उरत नाही.

म्हणजे हजार वर्षांच्या जिवंत झाडाचा गाभा आजही हजार वर्षं जुना निघतो! सुताराने खोड तासून चौकोनी केलं की बाहेरची, सर्वांत नवी वलयं निघून जातात. एका इमारतीची तुळई दुसरीत वापरली असेल तर गोंधळ आणखी वाढतो. म्हणून सालीलगतचं लाकूड हाती लागणं मोलाचं. नमुना स्वच्छ करणंही तितकंच महत्त्वाचं. कार्बन-१४ पार संपलेल्या अतिप्राचीन लाकडात शेकडा एक भाग आजचा कार्बन मिसळला, तरी त्याचं वय जेमतेम ३७ हजार वर्षं भासतं. त्यासाठी लाकूड आम्ल आणि अल्कलीने धुतात, अनेकदा फक्त सेल्युलोज वेगळं काढतात.

रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाअखेरीस शिकागोत ही पद्धत उभी केली आणि इजिप्तमधल्या जोसर, स्नेफेरू या राजांच्या थडग्यांतल्या लाकडावर ती पडताळली. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण कायम सारखं असतं, हे त्यांचं गृहीतक होतं. ते चुकीचं आहे, हे झाडांनीच दाखवून दिलं. कॅलिफोर्नियातल्या ब्रिसलकोन पाइनची वलयं एकेक मोजून, जिवंत आणि मृत लाकडांची साखळी जुळवून शास्त्रज्ञ हजारो वर्षं मागे गेले. तेव्हा कळलं की सात हजार वर्षांपूर्वीच्या लाकडाचं वय आठ-नऊशे वर्षांनी कमी येत होतं. आज प्रत्येक मोजमाप अशा वलयांवरून बेतलेल्या आलेखाशी ताडून पाहावं लागतं. काही ठिकाणी हा आलेख सपाट आहे, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या लाकडाचं मोजमाप जवळपास सारखंच येतं. इसवी सनपूर्व ८०० ते ४०० या काळातल्या लाकडाचं नेमकं शतक ठरवणंही त्यामुळे अवघड जातं. मग एकाच तुकड्यातली अनेक वलयं तपासून त्यांचा चढउतार आलेखावर जुळवतात.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो २०१२ मधला शोध. जपानी संशोधक फुसा मियाके आणि सहकाऱ्यांना जपानी देवदाराच्या वलयांत इसवी सन ७७४-७७५ मध्ये कार्बन-१४ एकाएकी सुमारे १.२ टक्क्यांनी उसळलेला दिसला. तशीच उसळी पुढे ९९३ मध्येही सापडली. अशी उसळी जगभरच्या झाडांत एकाच वेळी उमटते. त्यामुळे ती एखाद्या ओंडक्यात सापडली, तर तिथून सालीपर्यंत वलयं मोजायची, की झाड तोडल्याचं वर्षच हाती येतं.

कॅनडात न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज इथे व्हायकिंगांची, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींची, वस्ती होती, पण ते तिथे नक्की कधी राहत होते, हे ठरत नव्हतं. तिथले धातूच्या पात्याने तोडलेले, तीन वेगवेगळ्या झाडांचे तुकडे संशोधकांनी तपासले. तिन्हींत ९९३ची उसळी होती, आणि त्या वलयापासून सालीपर्यंत २८ वर्षांची वाढ होती. २०२१ मध्ये उत्तर जाहीर झालं: तिन्ही झाडं इसवी सन १०२१ मध्ये तोडली गेली होती.