लाँग लाईफ कूलंट: रंगावर जाऊ नका, पुस्तिका उघडा

ग्राहक बंधू-भगिनींनो,

मे महिन्यात वाईहून पाचगणीला निघालात की पसरणी घाटात बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. त्यातल्या काही संध्याकाळी टोचन होऊन आमच्या गॅरेजला येतात. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कूलंट शेवटचं कधी बदललं?" त्यावर बहुतेक जण म्हणतात, "लाँग लाईफ आहे ना ते, बदलावं लागत नाही. कमी झालं की वरून हिरवं टाकतो, नाहीतर पाणी." या एका उत्तरात तीन चुका आहेत आणि तिन्ही इंजिनाला भोवतात, म्हणून हे पत्रक.

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव: पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. ग्लायकॉल सहजासहजी संपत नाही, संपतात ती रसायनं. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधली सिलिकेटं आतल्या सगळ्या धातूवर थर धरतात आणि लवकर खर्ची पडतात, म्हणून त्याची मुदत साधारण दोन वर्षं. लाँग लाईफमधली सेंद्रिय आम्लं जिथे गंज धरू लागतो तिथेच काम करतात, म्हणून ती पुरतात. पण पुरतात म्हणजे कायमची नव्हे. टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत गुलाबी कूलंट पहिल्यांदा १ लाख ६० हजार किलोमीटरला आणि त्यानंतर दर ८० हजारांना बदलायला सांगितलं आहे. दुसऱ्या खेपेपासून मुदत निम्मी होते, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो पुस्तिकेतच पाहा. किलोमीटर आणि वर्षं यांपैकी जे आधी भरेल ते धरायचं.

रंगाचं काय?

रंग हा नुसता रंग असतो, तो कंपनी आपल्या मर्जीने घालते. हिरव्या डब्यात दोन वर्षांचंही कूलंट मिळतं आणि लाँग लाईफही. होंडाचं निळं, टोयोटाचं गुलाबी, फोक्सवॅगनचं जांभळट, ही त्या त्या कंपनीची ओळख झाली, सर्वांना लागू असलेला नियम नव्हे. खरा फरक आतल्या रसायनांत असतो. जपानी कंपन्या सहसा फॉस्फेट वापरतात आणि सिलिकेट टाळतात, कारण सिलिकेटने वॉटर पंपाचं सील झिजतं असा त्यांचा अनुभव. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेट टाळत आल्या, कारण तिकडच्या जड पाण्यात त्याचे क्षार बसतात. दोन जाती एकत्र केल्या की लाँग लाईफची मुदत आखूड होते, कधीकधी गाळही धरतो. म्हणून डबा घेताना पुस्तिकेतला प्रकार आणि डब्यावरचा प्रकार शब्दाला शब्द जुळवून पाहा. पितळी रेडिएटरच्या जुन्या गाड्यांना मात्र आम्ही जुन्या पद्धतीचं कूलंटच भरतो आणि वेळेवर बदलतो.

पाण्याचं मात्र नीट ऐका

गेल्या उन्हाळ्यात सात वर्षं वापरलेली एक गाडी आली. मालक दोन वर्षं बोअरचं पाणी टाकत होते. खालचा होज पाईप काढला तर चहासारखं पाणी आलं. वॉटर पंपाची पाती कुरतडल्यासारखी झालेली आणि घरच्या गीझरच्या कॉईलवर जमतो तसा पांढरा कडक थर सगळीकडे. रेडिएटरच्या नळ्या अगदी अरुंद असतात, त्या निम्म्या बुजल्या होत्या. ऑईलचं झाकण उघडलं तर आतून दुधाच्या कॉफीसारखा फेस, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलेलं. हेड उतरवून घासून सपाट करावं लागलं. त्या खर्चात कूलंट कितीतरी वेळा बदलून झालं असतं. आम्हालाच वाईट वाटलं.

घरच्या आरओचं पाणीही नको, त्यात चवीसाठी क्षार राखलेले असतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणीच वापरा. आणि डबा 'रेडी टू यूज' असेल तर त्यात एक थेंबही पाणी घालायचं नाही. त्यात पाणी आधीच मिसळलेलं असतं, वरून तेवढंच घातलंत तर कूलंट निम्मं पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर पुस्तिकेतलं प्रमाण पाळा, बहुतेक ठिकाणी ५०:५० असतं. पाणी न घालता नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणंही चूक, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी पाहत नाही, आम्ही दर वेळी पाहतो. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्यावर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं-निम्मं कूलंट आणि दाब धरणारं चांगलं झाकण असेल तर उकळायला सव्वाशेच्या वर जावं लागतं. झाकणाचं रबर चिरलं असेल तर हा दाब टिकत नाही आणि चांगलं कूलंटही घाटात उसळतं. झाकण बदलताना त्यावरचा दाबाचा आकडा, ०.९ किंवा १.१, जुना होता तोच घ्या.

आमच्याकडे कूलंट बदलताना गाडी पूर्ण गार झाल्यावर जुनं काढतो, डिस्टिल्ड पाण्याने आतून धुतो, मग सावकाश भरतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवतो, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सोडतो आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. हवा अडकली की तापमानाचा काटा मध्येच उसळतो, म्हणून इथे आम्ही घाई करत नाही.

गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका, वाफेने हात-तोंड भाजतं. पातळी सकाळी गार गाडीत 'लो' आणि 'फुल'च्या मध्ये आहे का, एवढं पाहा. वारंवार कमी होत असेल तर गळती शोधायला या, नुसतं भरत राहू नका. आणि कूलंट घरी काढलंत तर ते गटारात ओतू नका, उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही ते घातक आहे. बंद कॅनमध्ये भरून आमच्याकडे आणून द्या.

काम साधारण दोन-अडीच तासांचं आहे. घाट उतरून थेट आलात तर इंजिन गार होईपर्यंत थांबावं लागेल, त्यामुळे सकाळी पहिली वेळ घ्या आणि गाडीची पुस्तिका सोबत आणा.