ज्यू युवाशिक्षण निधी (अमेरिका)

मुलांना धर्म, हिब्रू भाषा, इतिहास आणि सणवार शिकवण्यासाठी, तसेच वयात आलेल्या तरुणांना समाजाशी जोडून ठेवण्यासाठी ज्यू समाज आपसांत जो पैसा उभारतो, त्याची व्यवस्था. जगभरच्या ज्यू वस्त्यांमध्ये ती कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते; तिला आजचे वळण मात्र अमेरिकेत मिळाले. तेथे सरकारी शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि धार्मिक शाळांना सरकारी मदत बेताचीच असते. त्यामुळे सारा भार पालक, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनामंदिरे) आणि देणगीदार यांच्यावर पडतो.

कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील प्रमुख पुरोहित येहोशुआ बेन गामला याने गावोगावी शिक्षक नेमण्याचा दंडक घातला, असे तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. तिथेच वर्गाच्या पटाचा हिशोबही दिला आहे : २५ मुलांमागे एक शिक्षक, ५० झाली तर दोन, आणि ४० असतील तर एक मदतनीस, ज्याचा खर्च गावाने सोसायचा. पुढे पूर्व युरोपात ऐपतदारांची मुले फी भरून ‘खेडर’ या खासगी शाळेत जात, तर गरीब आणि अनाथ मुलांसाठी समाजाच्या वर्गणीतून ‘तालमूद तोरा’ शाळा चाले. गावचा पैसा नडलेल्यांसाठी होता. मुलाला हे शिकावेसे वाटेल की नाही, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडत नव्हता. अमेरिकेत तोच मुख्य प्रश्न झाला.

स्थलांतरितांची मुले तिथल्या मोफत सरकारी शाळांत गेली आणि ज्यू शिक्षण शाळा सुटल्यानंतरच्या तासाभरावर किंवा रविवारच्या वर्गावर आले. न्यूयॉर्कमध्ये १९१० साली सॅमसन बेंडर्ली यांच्या नेतृत्वाखाली या वर्गांना शिस्त लावणारे शिक्षण कार्यालय उभे राहिले. त्यामागे बँकर जेकब शिफ यांचा पैसा होता. दरम्यान बॉस्टनमध्ये १८९५ साली पहिले ‘फेडरेशन’ निघाले होते. शहरातल्या सगळ्या ज्यू संस्थांसाठी वर्षातून एकदाच एकत्र वर्गणी गोळा करायची आणि समितीने ती वाटून द्यायची, ही त्याची रीत. ती शहरोशहरी पसरली.

वर्गणी काढण्याची तऱ्हा पाहण्यासारखी होती. मोठ्या मेजवानीत जेवणे आटोपली की व्यासपीठावरून एकेकाच्या नावाचे कार्ड वाचले जाई. त्याने उभे राहून सर्वांदेखत यंदाचा आकडा सांगायचा. गेल्या वर्षीपेक्षा कमी आकडा सांगण्याचा धीर फार थोड्यांना होई. चारचौघांतल्या लाजेवर चालणारी ही पद्धत आज बरीच मागे पडली आहे, पण तिने पैसा उभा केला हे खरे.

तो जात कुठे होता? इस्पितळे, वृद्धाश्रम, निर्वासित आणि १९४८ नंतर मोठ्या प्रमाणावर इस्राएल. शिक्षण रांगेत मागे राहिले. १९६९ च्या नोव्हेंबरात बॉस्टनला फेडरेशनांचे वार्षिक अधिवेशन भरले असता ज्यू विद्यार्थ्यांनीच तिथे निदर्शने केली आणि ज्यू शिक्षणावर व संस्कृतीवर जास्त खर्च करा, अशी मागणी लावून धरली. तरुण दूर जातात म्हणून वडीलधारे हळहळत असताना तरुणांनीच त्यांच्याकडे अभ्यासासाठी पैसे मागावेत, हा प्रसंग या इतिहासात उठून दिसतो.

खरा धक्का १९९० च्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या पाहणीने दिला. अलीकडच्या लग्नांपैकी ५२ टक्के आंतरधर्मीय असल्याचे तिने सांगितले. आकड्यावर पुढे वाद झाला. गणना वेगळ्या रीतीने केली की तो बराच उतरतो. पण घबराट पसरायची ती पसरली आणि ‘सातत्य’ (पुढच्या पिढ्यांनीही ज्यू म्हणून टिकून राहणे) हा परवलीचा शब्द झाला. याच काळात फेडरेशनांच्या सामायिक पेटीपेक्षा बड्या घराण्यांच्या न्यासांचे वजन वाढू लागले. १९९८ मध्ये उन्हाळी शिबिरांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघाले. पहिल्यांदाच शिबिराला जाणाऱ्या मुलाला हजार डॉलरपर्यंत सवलत देणारी त्याची योजना लोकप्रिय ठरली.

सर्वांत गाजली ती ‘बर्थराइट इस्राएल’. चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकल स्टाइनहार्ट यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही योजना १८ ते २६ वयोगटातील तरुणांना इस्राएलची दहा दिवसांची सहल फुकट घडवते. खर्चाचा वाटा इस्राएल सरकार, खासगी देणगीदार आणि ज्यू समाजसंस्था उचलतात. पुढे कसिनोमालक शेल्डन ॲडेलसन तिचे सर्वांत मोठे देणगीदार झाले. आजवर आठ लाखांहून जास्त तरुण जाऊन आले आहेत. सहलीत एकच राजकीय बाजू दाखवली जाते हा आक्षेप जुना आहे. २०१८ मध्ये काही जण तर सहल अर्ध्यावर सोडून पॅलेस्टिनी वस्त्यांकडे गेले. ज्याचा पैसा त्याचा कार्यक्रम, ही टीका इथे सर्वांत चपखल बसते.

शाळकरी वयाचे त्रांगडे निराळे. तेराव्या वर्षी बार मित्झ्वा (मुलगा धर्माच्या दृष्टीने सज्ञान झाल्याचा समारंभ) होईपर्यंत घरचे मुलाला सिनेगॉगच्या वर्गाला धाडतात. समारंभ पार पडला की मुलगा गायब. कॉलेजात गेल्यावर ज्यू विद्यार्थ्यांसाठीची ‘हिलेल’ केंद्रे (पहिले १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात) त्याला पुन्हा गाठतात. मधली चार-पाच वर्षे बीबीवायओसारख्या युवक संघटना आणि शिबिरे यांच्या भरवशावर. ही फट बुजवण्यासाठी जिम जोसेफ फाउंडेशन हा ज्यू शिक्षणाला अनुदान देणारा न्यास आणि शहरोशहरीच्या फेडरेशनांनी २०१३ पासून एक सामायिक उपक्रम चालवला. त्याचे सूत्र साधे : बाहेरून येणाऱ्या अनुदानाला गावाने आपल्या पैशाची जोड द्यायची. फुकट आलेल्या पैशाकडे समाज पाहुण्यासारखे पाहतो. स्वतःची वर्गणी गुंतली की हिशोब मागू लागतो.

इतके असूनही पूर्णवेळ ज्यू शाळांची फी अनेक शहरांत वर्षाला २० हजार डॉलरच्या वर आहे. चार मुलांच्या कर्मठ कुटुंबाला ती कंबरडे मोडणारी ठरते. सहलीसाठी देणगीदार मिळतो तितक्या सहज शिक्षकाच्या पगारासाठी मिळत नाही.

महाराष्ट्राचा या व्यवस्थेशी संबंध बेने इस्राएल समाजामुळे येतो. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत ‘इस्रायलाइट स्कूल’ काढले. मराठी बोलणाऱ्या या मुलांना तिथे हिब्रूही शिकवली जाई, आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे अनुदान शाळेला मिळे. पुढे एली कदूरी यांच्या देणगीमुळे माझगावची ही शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेल्यावर ज्यू मुले उरली नाहीत. आता तिथे प्रामुख्याने मुस्लिम मुले शिकतात. मुंबईत राहिलेल्या ज्यू तरुणांच्या सणसमारंभांना आणि अभ्यासवर्गांना मदत करणाऱ्यांत ‘जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी’ ही १९१४ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन संस्था आहे, आणि तिच्या निधीत अमेरिकेतल्या फेडरेशनांच्या वर्गणीचाही वाटा असतो.