काफिरिन नॅनोकण

ज्वारीतील काफिरिन हे प्रथिन पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये विरघळते, नुसत्या पाण्यात नाही. या द्रावणात एकदम पाणी मिसळले की प्रथिन 100 ते 300 नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात बाहेर पडते. हळदीतील कर्क्युमिनसारखे पाण्यात न विरघळणारे पदार्थ या कणांत साठवता येतात.

कच्चा माल म्हणून सोलापूर जिल्ह्यातील मालदांडी ज्वारी उत्तम. तिचे दाणे पांढरे असतात. लाल, टॅनिनयुक्त वाणांत टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनाला घट्ट धरते आणि अर्क गढूळ येतो. पिठाच्या पाचपट 70 टक्के इथेनॉल घेऊन त्यात 0.5 टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट व 0.35 टक्के कॉस्टिक सोडा घालतात आणि 70 अंश सेल्सिअसला तासभर ढवळतात. मेटाबायसल्फाइट काफिरिनच्या रेणूंना जोडणारे गंधकाचे बंध तोडते. ते वगळले तर बरेचसे काफिरिन पिठातच राहते. इथेनॉल उडवून, सामू 5 च्या आसपास आणून मिळालेला साका 40 अंशांखाली वाळवावा. जास्त तापवल्यास बंध पुन्हा जुळतात आणि प्रथिन नीट विरघळत नाही.

खरे काम मिश्रणात आहे. कण एकमेकांना चिकटण्याआधी, म्हणजे काही मिलिसेकंदांत, दोन्ही प्रवाह एकजीव व्हायला हवेत. त्यासाठी समोरासमोर आदळणाऱ्या दोन धारांचा मिक्सर वापरतात. एका सिरिंजमध्ये 2 टक्के काफिरिनचे 70 टक्के इथेनॉलमधील 5 मिलि कोमट द्रावण, दुसरीत सोडियम केसिनेट (दुधातील केसीन प्रथिनाचे पाण्यात विरघळणारे रूप) विरघळलेले 5 मिलि पाणी. दोन्ही दट्ट्या एकाच वेगाने, एका दमात दाबायच्या. बाहेर पडणारे मिश्रण थेट 40 मिलि पाण्यात सोडले की इथेनॉल 7 टक्क्यांवर येते आणि कणांची वाढ थांबते. हात अडखळला, एक सिरिंज मागे राहिली किंवा द्रावण थंड होऊन घट्ट झाले, की लहानमोठे कण आणि गुठळ्या मिळतात. चांगले मिश्रण निळसर दुधाळ दिसते. पांढरा गाळ बसला तर ती खेप गेली.

पाणी ऊर्ध्वपातितच हवे, कारण बोअरच्या पाण्यातील क्षार कणांवरचा विद्युतभार झाकतात आणि ते एकत्र येतात. केसिनेट नसेल तर सामू 4 ठेवावा. 6 च्या आसपास काफिरिनचा भार शून्याजवळ जातो. केसिनेट असेल तर उलट, सामू 7 योग्य, कारण 4.6 ला केसीनच साकळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात खोली चाळिशी गाठते, तेव्हा इथेनॉलची वाफ सहज पेट घेते. शेगडी किंवा ठिणगी उडवणारे बटण जवळ नको. उरलेले इथेनॉल कमी दाबाखाली उडवून कण गोठवून वाळवतात. केसिनेटचा थर नसलेली भुकटी पाण्यात पुन्हा नीट पसरत नाही.