नदीच्या वळणातला आडवा प्रवाह

नदी नागमोडी का वाहते असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: वाटेत कठीण खडक आला, तो पाण्याला फोडता आला नाही, म्हणून नदीने बाजूने वाट काढली. डोंगराळ भागात हे काही अंशी खरेही आहे. परंतु नद्यांची सर्वांत डौलदार वळणे सापडतात ती सपाट मैदानांत, जिथे दूरवर मऊ गाळाखेरीज काहीच नसते. अमेरिकेतील व्हिक्सबर्ग येथे अभियंते फ्रीडकिन यांनी केलेल्या आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वाळूत खणलेल्या सरळ चरात पाणी किंचित तिरपे सोडले होते, आणि तेवढ्यावर खालपर्यंत एकामागून एक वळणे तयार होत गेली.

वळणाच्या बाहेरच्या काठाचे खनन होते आणि आतल्या काठाशी गाळाचे संचयन होते, हे आपण शाळेत शिकतो. बाहेर पाणी वेगाने वाहते आणि आत संथ, एवढे कारण सांगून धडा पुढे सरकतो. ते चूक नाही, पण त्यातून या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट सुटून जाते.

पाण्याला वळायचे असेल, तर त्याला वळणाच्या आतल्या बाजूकडे रेटणारे बल लागते. वळणावर पाणी बाहेरच्या काठाशी थोडे चढते, त्यामुळे पृष्ठभाग तिरपा होतो आणि बाहेरचा वाढीव दाब ते बल पुरवतो. १०० मीटर रुंदीची नदी ५०० मीटर त्रिज्येच्या वळणावरून सेकंदाला दीड मीटर वेगाने जात असेल, तर दोन काठांच्या पातळीत जेमतेम साडेचार सेंटिमीटरांचा फरक पडतो. पण पुढचे सारे काम याच फरकातून घडते. दाबाचा हा रेटा पृष्ठभागापासून तळापर्यंत जवळपास सारखाच असतो. वळण्यासाठी लागणारे बल मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तळाशी घर्षणामुळे पाण्याचा वेग पृष्ठभागाच्या निम्मा झाला असेल, तर तिथल्या पाण्याला चौथा हिस्साच बल पुरेसे असते, आणि तरीही त्याच्या वाट्याला पूर्ण रेटा येतो. म्हणून तळाचे पाणी गरजेपेक्षा जास्त आत ढकलले जाते. पृष्ठभागावरच्या वेगवान पाण्याला तोच रेटा अपुरा पडतो आणि ते बाहेर सरकते, बाहेरच्या काठाशी खाली बुडी मारते, तळाने आतल्या काठाकडे येते आणि पुन्हा वर चढते. ही आडवी फेरी पुढच्या वाहण्यात मिसळली की पाणी मळसूत्रासारखे फिरत पुढे जाते. बाहेरच्या काठाचा पायथा खरवडला जाऊन वरची माती ढासळते आणि तळाची वाळू आतल्या बाजूला लोटली जाते.

अभियंते जेम्स थॉमसन यांनी १८७६ साली हे स्पष्टीकरण मांडले. पुढे १९२६ साली आइन्स्टाइन यांनी त्यासाठी चहाच्या पेल्याचे उदाहरण घेतले: पेल्यातला चहा ढवळल्यावर चहाची पाने कडेला न जाता तळाशी मध्यभागी गोळा होतात, कारण तिथेही तळाचा मंदावलेला थर आत रेटला जातो.

मात्र बाहेरच्या काठावरून सुटलेली वाळू थेट समोरच्या काठाला जाऊन बसते, असे समजू नये. पुढे वाहण्याचा वेग आडव्या वेगाच्या कितीतरी पट असतो. वाळू पलीकडे पोहोचण्याआधीच उलट दिशेचे वळण सुरू होते आणि फेरीची दिशाही उलटते. म्हणून ही वाळू बहुतांशी त्याच बाजूला, खालच्या वळणाच्या आतल्या काठाशी साचते, असे फ्रीडकिन यांना आढळले.

नदीची प्रत्यक्ष लांबी आणि उगमापासून मुखापर्यंतचे सरळ अंतर यांचे गुणोत्तर सरासरीने 'पाय', म्हणजे ३.१४, इतके येते, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. १९९६ साली संगणकावरील एका प्रतिरूपातून हा आकडा आला होता. खऱ्या नद्या त्याला बांधील नाहीत. उतार, गाळाचा प्रकार आणि काठांची मजबुती यांनुसार हे गुणोत्तर खूप बदलते. गूढ आकड्यापेक्षा त्यामागची यंत्रणा मला कितीतरी अधिक विस्मयकारक वाटते.

वळणे वाढत गेली की दोन वळणांमधली मान, म्हणजे मधली जमिनीची पट्टी, अरुंद होते, एखाद्या पुरात नदी ती कापून सरळ निघते आणि मागे नालाकृती सरोवर उरते. त्याची तोंडे वाळूने बुजतात. मग पुराबरोबर फक्त बारीक चिकणमाती आत येते आणि साठलेल्या पाण्यात सावकाश खाली बसते. चिकणमातीचे कण वाळूपेक्षा कितीतरी लहान असले, तरी एकमेकांना घट्ट धरून राहतात, त्यामुळे एकदा बसलेला हा थर उखडायला वाळूपेक्षा अधिक वेगवान प्रवाह लागतो. मिसिसिपी नदीच्या मैदानात असे चिकणमातीने भरलेले जुने प्रवाहमार्ग भूवैज्ञानिक हॅरोल्ड फिस्क यांनी १९४४ साली नकाशांवर दाखवले. नदीचे नवे वळण सरकत सरकत अशा भरावाला येऊन भिडले की तिथे त्याचे पुढे जाणे मंदावते. मैदानी नदीच्या वाटेत कठीण अडथळा येतो तो पुष्कळदा असा, तिनेच पूर्वी सोडून दिलेल्या वळणात साचलेला.