गोव्यातला एसी आणि हवेतल्या पाण्याचा जुना हिशेब

जुना एसी बदलायला निघालेला गोंयकार दुकानात दोनच गोष्टी विचारतो: किती टनाचा आणि किती स्टारचा? प्रश्न रास्त आहेत, पण आपला खरा त्रास त्यांत येतच नाही. मे महिन्यातल्या पणजीच्या पाऱ्याला नागपूरकर उन्हाळा म्हणणारही नाही. इथे जीव नकोसा होतो तो हवेतल्या पाण्याने. घाम सुकतच नाही.

जुनी घरे बांधली गेली ती हे ओळखूनच. चिऱ्यांच्या जाड भिंती, उंच उतरते छप्पर, वर नळे, म्हणजे अर्धगोल कौले. तापलेली हवा नळ्यांच्या फटींतून निघून जाई. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या चपट्या कौलांनी नळ्यांची जागा घेतली, पण फटी राहिल्याच. हिंदू घरात मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, ख्रिस्ती घरापुढे बल्कांव, म्हणजे बसायचा ओटा, आणि कित्येक खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्या: उजेड आत येई, ऊन बाहेर राही. हवा गार करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. ती खेळती ठेवली की काम भागत असे. वाळ्याचे पडदे आणि डेझर्ट कूलर हे घाटावरचे उपाय. कोरड्या हवेत ते छान चालतात. आपल्या दमट हवेत कूलर लावणे म्हणजे खोलीत आणखी पाणी ओतणे.

ऊब मात्र आपल्याला खोलीत कधी लागलीच नाही, लागली ती न्हाणीत. चुडते (माडाच्या झावळ्या) आणि सोडणे (नारळाची सोडणे) जाळून तापणारे तांब्याचे भाण, म्हणजे पाण्याचे मोठे भांडे, गेले, गीझर आला. नरकचतुर्दशीपुरती भाणाची आठवण होते. उत्तरेत खपणारा ‘हॉट अँड कोल्ड’ एसी इथे घेणे म्हणजे उगाच पैसे घालवणे.

गडबड झाली ती स्लॅबने. सपाट काँक्रीट दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता घरात सोडते. छत बुटके, वाऱ्याला आरपार वाट नाही. आज कित्येक स्लॅबांवर पत्र्याचे उतरते छप्पर दिसते. ते गळतीसाठी घातलेले असले तरी स्लॅबला सावली देते. म्हणजे फिरून आजोबांच्याच छपराकडे.

एसीचा जन्म मात्र आपल्याच दुखण्यातून झाला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यासाठी यंत्रणा आखली. हवेतली ओल आटोक्यात ठेवणे हे तिचे मुख्य काम होते. पुढे जाहिरातींनी गारवा तेवढा लक्षात ठेवला.

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ साली स्थापन झाला, २००६ पासून स्टार लेबल आले, आणि २०१० पासून खोलीच्या एसीवर ते सक्तीचे झाले. २०१८ पासून इन्व्हर्टर आणि साधे एसी एकाच मापाने, म्हणजे हंगामभरात किती विजेत किती गारवा मिळतो ते सांगणाऱ्या आयएसईईआरने, मोजले जातात. हे माप वर्षाला १६०० तास आणि २४ ते ४३ अंश तापमान धरून काढतात, साऱ्या देशासाठी एकच. आपला पारा त्या वरच्या टोकाला जात नाही. आणि खोलीतली ओल यंत्र किती ओढते, हे लेबल सांगतच नाही. पाच स्टार घ्यावेतच, वीज वाचते. पण खोलीपेक्षा मोठा एसी घेतला तर तो झटपट गार करतो आणि ओल काढण्याआधीच मंदावतो. अंगाला थंड लागते, चादर मात्र दमट. ‘मोठाच घ्या’ हा दुकानदाराचा सल्ला गोव्यात तरी मला पटत नाही.

एसी बदलण्याची घाई आता त्यातल्या गारवा देणाऱ्या वायूमुळेही आहे. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनला मारक. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पृथ्वी तापवण्याची त्याची ताकदही आर-२२ च्या निम्म्याहून कमी. समुद्राकाठी मात्र वायूआधी खारे वारेच निकाल लावतात. बाहेरच्या युनिटची जाळी लेप दिलेली नसेल तर ती लवकर गंजते, म्हणून किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी स्टार मोजण्याआधी तो लेप आहे का, एवढे विचारावे.